गटारातील गाळ आणि कायद्यातील फट

तापीच्या काठी, सुरतेच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर कामरेज आहे. जुन्या ताम्रपटांत 'कार्मणेय' या नावाने येणारा प्रदेश तो हाच, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात. याच तालुक्यात टिंबा गावी नदीकाठी गळतेश्वर महादेवाचे स्थान आहे. मुंबईहून भडोच-बडोद्याकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांस मात्र कामरेजची ओळख असते ती महामार्गावरील एक गजबजलेली चौकडी एवढीच. सुरतेची वस्ती सरकत सरकत आता या चौकडीला येऊन भिडली आहे. काल जेथे शेत होते तेथे आज इमारतींचे सांगाडे उभे राहतात; आणि इमारत आली की जमिनीखाली नळही आलेच, काही मैला वाहून नेणारे, काही पावसाचे पाणी वाहून नेणारे. त्या नळांत साचणाऱ्या गाळाविषयी, आणि तो कोणी व कसा काढावा याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

विषय अमंगळ आहे, असे कोणी म्हणेल. जेथे देवस्थानांच्या वार्ता आणि उत्सवांची वर्णने यावयाची तेथे गटाराची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या समाजाने शुचितेचा विचार इतक्या बारकाईने केला की कोणते वस्त्र नेसून स्वयंपाकघरात जावे याचेही नियम घातले, त्या समाजास आपल्या मोरीतून गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते हे विचारण्याचा संकोच वाटता कामा नये. शुचिता घराच्या उंबरठ्याशी संपत असेल, तर आपला मळ दुसऱ्याच्या अंगावर लोटण्याची ती एक सोय झाली. तिला धर्म म्हणवत नाही.

प्रथम हा गाळ येतो कोठून ते पाहू. मैल्यातील सेंद्रिय भाग हलका असतो. तो पाण्याबरोबर वाहतो आणि कुजतो. वाळू, बारीक रेव, राख आणि रस्त्याची माती यांचे तसे नाही. वाळूचा कण पाण्याच्या अडीच पटींहून जड असतो व तो कधीही कुजत नाही. पाण्याचा वेग मंदावला की तो तळाशी बसतो. मग त्यावर चिंध्या, केस, तुपातेलाचे थर आणि प्लास्टिक अडकते आणि काही महिन्यांत त्याचा दगडासारखा घट्ट थर होतो. म्हणूनच मलवाहिनीस असा उतार द्यावा लागतो की प्रवाह भर असताना पाण्यास सेकंदाला निदान 0.6 मीटर वेग मिळावा. तेवढा वेग असला की नळ आपला आपण धुऊन निघतो.

आता नव्या वसाहतीची अडचण ध्यानी घ्यावी. मुख्य मलवाहिनी टाकताना पुढील तीस वर्षांच्या लोकवस्तीचा हिशेब धरतात. ते योग्यच आहे. दर पाच वर्षांनी कोणी रस्ता खणीत बसणार नाही. पण त्यामुळे आरंभीची काही वर्षे रुंद नळातून पाण्याची केवळ एक बारीक धार वाहते. तिला वेग नसतो. आणि नेमक्या त्याच वर्षांत चहूंकडे बांधकामे चाललेली असल्यामुळे वाळूचे व मातीचे ढीग रस्त्यावर पडलेले असतात. पहिल्या पावसाने ते सारे पर्जन्यवाहिनीत उतरते आणि फुटक्या झाकणांतून मलवाहिनीतही जाते. म्हणजे जेथे नळ नवा, तेथे गाळ कमी, ही सर्वसामान्य समजूत चुकीची आहे. शहराच्या कडेला वाढणाऱ्या कामरेजसारख्या वस्तीतच हा प्रश्न पहिल्या वर्षापासून उभा राहतो, आणि तेथेच तो सर्वांत स्वस्तात सोडवताही येतो. बांधणाऱ्याने आपल्या आवारातच गाळ बसण्यासाठी खड्डा ठेवावा, वाळूचा ढीग झाकावा, रस्त्याच्या तोंडाशी जाळी बसवावी. एवढ्याने निम्मे काम होते.

ही काही परदेशातून आणलेली विद्या नव्हे. सिंधू संस्कृतीच्या नगरांत झाकलेल्या विटांची गटारे होती, उचलता येणारी झाकणे होती, आणि गाळ साचावा म्हणून मुद्दाम केलेले खड्डे होते. याच गुजरातेतील लोथल येथे 1955 पासून डॉ. एस. आर. राव यांनी उत्खनन केले व तेथील सांडपाण्याची व्यवस्था उजेडात आणली. योगायोग असा की 1994 च्या प्लेगनंतर सुरत शहराला ज्या आयुक्तांनी पुन्हा उभे केले त्यांचेही नाव एस. आर. राव. एका रावांनी चार हजार वर्षांपूर्वीची गटारे आम्हांस दाखवली, दुसऱ्या रावांनी आजची गटारे साफ करवून घेतली. गाळ कोठे बसावा हे बांधतानाच ठरवावे, म्हणजे तो वरून काढता येतो, हे तत्त्व एवढे जुने आहे. ते विसरल्याची किंमत मात्र आम्ही मोजत नाही; ती दुसराच कोणी मोजतो.

ती किंमत कशी मोजली जाते हे स्पष्ट सांगितले पाहिजे. साचलेला मैला हवेवाचून कुजला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि गाळात अडकून राहतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की तो वासाची संवेदनाच नष्ट करतो. म्हणजे धोका टळला असे वाटते त्याच क्षणी धोका सर्वांत जवळ असतो. गटाराचे झाकण उघडून थोडा वेळ थांबले, काडी पेटवून पाहिली, तरी काही सिद्ध होत नाही. उलट खाली मिथेन असला तर तीच काडी स्फोट घडवते. माणूस खाली उतरतो, फावडे मारतो, थर ढवळला जातो आणि आत कोंडलेला वायू एकदम सुटतो. तो कोसळतो. वरचा सोबती त्याला काढावयास उतरतो, आणि तोही कोसळतो. अशा बातम्यांत मृतांची संख्या दोन, तीन, चार अशी येते त्याचे कारण हेच. मेलेल्यांपैकी पुष्कळसे दुसऱ्यास वाचवावयास गेलेले असतात.

नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, सुरत जिल्ह्याच्याच पलसाणा तालुक्यात एका रंगाई कारखान्याची भूमिगत टाकी साफ करताना बिहारमधून आलेले चार कामगार असेच मेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला आणि सुरत शहर इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. शहराचा तो मान खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. प्लेगच्या शहराने तीस वर्षांत जे कमावले ते कौतुकास्पद आहे. आपले सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकणारे शहर ते हेच. आणि तो कारखाना शहराच्या हद्दीबाहेर होता हेही खरे. आमचा मुद्दा त्या हद्दीचाच आहे. स्वच्छतेचे गुण शहराला मिळतात आणि मृत्यू हद्दीबाहेर पडतो, असे घडू लागले म्हणजे हद्द कोठे आखली आहे हे पाहणे अवश्य होते.

देशाचा आकडा संसदेतच सांगितला गेला आहे. 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करताना 377 माणसे मेली. शासनाने 2024 पर्यंत ज्या सुमारे 38 हजार गटार-कामगारांची नोंद केली, त्यांपैकी 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांतले निघाले. कोणी म्हणतो, काम ज्याला मिळेल तो करतो. मग हे काम सर्वांना सारखे का मिळत नाही? राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ती देवळाच्या दारातून गेली असेल. गटाराच्या तोंडाशी ती आजही बसलेली आहे.

आता कायद्याकडे वळू. आमचा तो व्यवसाय असल्याने येथे थोडे सावकाश बोलण्याची वाचकांनी मुभा द्यावी. 2013 च्या कायद्याचे सातवे कलम सांगते की कोणीही व्यक्ती, स्थानिक संस्था वा अभिकरण गटाराच्या अगर मैल्याच्या टाकीच्या 'धोकादायक सफाई'साठी माणूस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कामास लावणार नाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचावयास हे कडक वाटते. पण 'धोकादायक सफाई' म्हणजे काय? व्याख्या म्हणते, मालकाने संरक्षक साधने न देता व दक्षता न घेता करवलेली हातसफाई. म्हणजे कायद्याचा कटाक्ष माणूस खाली उतरण्यावर नाही. तो साधनांवाचून उतरण्यावर आहे. एकदा ही वाट मोकळी ठेवली की हातमोजांची एक जोडी कागदोपत्री दाखवली म्हणजे झाले.

त्याच वर्षीच्या नियमावलीने ही वाट काहीशी अरुंद केली. साधने असली तरीही हाताने गटार साफ करू नये, असे तिचा तिसरा नियम म्हणतो, आणि पुढे पाच अपवाद देतो. पहिले चार अभियांत्रिकीचे आहेत: तुटलेले झाकण काढणे, नवी वाहिनी जुन्या वाहिनीस जोडणे, विहिरीच्या तळातील पंप काढणे, वाहिनीची दुरुस्ती करणे. त्यांवर वाद होऊ शकेल, पण त्यांत काही अर्थ आहे. पाचवा अपवाद मात्र असा की अगदीच आवश्यक असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने लेखी कारणे नोंदवून परवानगी द्यावी. चार दारांना कुलूप लावून पाचवे उघडे ठेवावे तसा हा प्रकार आहे. आणि आमचा अनुभव असा की प्रत्यक्षात या पाचव्या दारानेही कोणी जात नाही. लेखी कारण नोंदवण्याचे कष्ट कोण घेतो? ठेकेदार उपठेकेदारास सांगतो, उपठेकेदार मुकादमास सांगतो, आणि मुकादम नाक्यावर उभ्या असलेल्या दोघांस दिवसाच्या रोजावर आणतो. अपघात झाला की प्रत्येकाजवळ आपण सोडून दुसऱ्याचे नाव तयार असते.

त्याच नियमावलीने 44 प्रकारची साधने सांगितली आहेत, वायूची तपासणी सांगितली आहे, कामगाराचा दहा लाखांचा विमा सांगितला आहे. आणि मूळ कायद्याच्या दहाव्या कलमाने गुन्ह्याची तक्रार तीन महिन्यांत झाली पाहिजे असे बंधन घातले आहे. बिहारच्या एखाद्या खेड्यातील विधवेने तीन महिन्यांत प्रेत घरी न्यावे, दिवस करावेत, कर्ज फेडावे, सुरतेस परत यावे, वकील गाठावा आणि तक्रार करावी, अशी या कलमाची अपेक्षा दिसते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा वेगळा नोंदवता येतो हे खरे. परंतु ज्या कायद्याने विशेष संरक्षण द्यावयाचे, त्यानेच घाई करावी हे विपरीत आहे.

न्यायालयांनी आपले काम केले नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी 1993 पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूस दहा लाखांची भरपाई ठरवली. 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती तीस लाख केली आणि हातसफाई टप्प्याटप्प्याने समूळ थांबवण्यास सांगितले. 29 जानेवारी 2025 रोजी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या सहा महानगरांत ती बंद करण्याचा आदेश दिला. या यादीत सुरत नाही. मग कामरेज कोठून असणार? भरपाईची रक्कम वाढणे न्याय्यच आहे. पण जो दंड मनुष्य मेल्यावर भरावयाचा, तो कितीही मोठा असला तरी यंत्राच्या भाड्याशी त्याची तुलना करणारा हिशेबी माणूस निघतोच. कारण भाडे आज द्यावे लागते आणि भरपाई कदाचित कधीच नाही.

येथे प्रतिपक्षाची बाजू ऐकली पाहिजे. ठेकेदार म्हणतो, मोठ्या नळातील कठीण थर यंत्राने निघत नाही, माणूसच लागतो. हे खरे नव्हे. दाबाच्या पाण्याचा झोत मारणारी यंत्रे आहेत, तो रबडा ओढून घेणारी यंत्रे आहेत, आणि दोन्ही कामे करून तेच पाणी पुन्हा वापरणाऱ्या मोठ्या गाड्या आहेत. दोन चेंबरांच्या तोंडांवर दोन चाके बसवून त्यांमधून लोखंडी बादली ओढणारे जुने साधे यंत्र घट्ट वाळूसाठीच बनले आहे. मोठ्या नळासाठी प्रवाह अडवून पंपाने बाजूने वळवता येतो, मग कोरड्या भागात यंत्र सोडता येते, कॅमेऱ्याने आत पाहता येते. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनवलेला यंत्रमानव 2018 पासून गटारात उतरत आहे. अरुंद गल्लीत मोठी गाडी जात नाही हे मान्य. पण मग लहान गाडी घ्यावी. गल्ली अरुंद आहे या कारणास्तव आगीचा बंब न पाठवता शेजाऱ्यांस ज्वाळांत उडी मारावयास कोणी सांगत नाही.

दुसरा म्हणतो, तो आपखुशीने उतरतो, पैसे घेतो. स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्यास दाद नाही, हे जुने रोमन सूत्र आम्हीही विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. पण ज्याच्यापुढे दुसरे काम नाही आणि ज्यास आतील वायूची माहिती कोणी दिलेली नाही, त्याच्या होकारास संमती म्हणणे हा त्या सूत्राचाही अपमान आहे.

तिसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. तो म्हणतो, यंत्रे आली तरी गाळ तेथेच राहतो. यात दुर्दैवाने तथ्य आहे. काढलेला गाळ नाल्याच्या काठावर वाळत टाकला जातो आणि पहिल्या सरीने पुन्हा नाल्यात जातो. पैसे मात्र टनावर घेतले जातात. मुंबईच्या मिठी नदीच्या गाळाच्या हिशेबावरून मे 2025 मध्ये पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ते आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. परंतु गाळ कोठून निघाला, किती वजनाचा होता आणि कोठे टाकला, याची नोंद उघड्यावर ठेवली तर असा वाद उद्भवण्याचे कारणच उरत नाही. यंत्राच्या विरोधात हा मुद्दा लागू पडत नाही. तो हिशेबाच्या बाजूने लागू पडतो.

आमच्या कोकणच्या वाचकांस येथे एका नावाची आठवण द्यावीशी वाटते. 1932 च्या अखेरीस आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून अन्न सोडले. त्यांच्यासाठी येरवड्यास गांधीजींनीही उपवास मांडला. उच्चवर्णीयाने हे काम करणे तेव्हा नियमात बसत नव्हते. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. पण तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. 1948 साली कणकवलीस गोपुरी आश्रम काढून आप्पांनी असा संडास सिद्ध केला की मैल्याचे खत व्हावे आणि कोणासही त्यास हात लावावा लागू नये. आधी त्यांनी आपला हात पुढे केला, मग कोणाचाच हात लागू नये अशी रचना केली. पुढच्याच वर्षी, 1949 साली, मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली. सुरत आणि रत्नागिरी तेव्हा एकाच मुंबई प्रांतात होत्या. म्हणजे हा प्रश्न दोघांच्याही दप्तरी पाऊणशे वर्षे पडून आहे. डोक्यावरची पाटी गेली. माणूस मात्र जमिनीखाली गेला, इतकाच पालट झाला.

आता आमच्या वाचकांकडे येतो, कारण दोष केवळ नगरपालिकेच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. सातव्या कलमात 'कोणीही व्यक्ती' असे शब्द आहेत. गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस ही व्यक्ती आहे, आणि देवस्थानचा विश्वस्तही. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडी येथील एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांस प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश शासनास दिला, आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मोकळीक ठेवली. त्या संस्थेतील सभासद आमच्या-तुमच्यासारखेच असतील. कोणी कोणास मारावयास निघाले नव्हते; कोणी विचारले नव्हते, एवढेच.

आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळांना, भक्तनिवासांना आणि मंगल कार्यालयांना मैल्याच्या टाक्या आहेत. जत्रेपूर्वी त्या उपसल्या जातात. महाप्रसादाच्या पंक्तीनंतरचे तेल-तूप, पत्रावळी, नारळाच्या शेंड्या आणि निर्माल्य पुष्कळदा मोरीच्या वाटेनेच जाते आणि पुढे तोच थर कोणाला तरी फोडावा लागतो. ज्या फुलांना आपण पाय लागू देत नाही, ती गाळात मिसळून परक्याच्या छातीपर्यंत येतात, याचा विचार पूजेच्या वेळी मनात यावयास हवा.

तेव्हा मागण्या थोड्या आणि निश्चित असाव्यात. नियमावलीतील पाचवा अपवाद रद्द व्हावा; तोवर अशी परवानगी ज्याने दिली त्याचे नाव व कारण त्या जागी फलकावर लावावे. तीन महिन्यांची मुदत वाढवावी. कामरेजसारख्या वाढत्या वस्तीत गाळाचा खड्डा आणि यंत्राची गाडी पोहोचेल असे चेंबर असल्यावाचून इमारत वापरण्याचा परवाना मिळू नये. आणि यांतील कशाचीही वाट न पाहता, प्रत्येक संस्थेच्या व देवस्थानच्या पुढील सभेत हा ठराव यावा. मसुदा आम्ही येथेच देतो, कोणास फी पडणार नाही:

"या संस्थेच्या मालकीच्या वा ताब्यातील कोणत्याही गटारात किंवा टाकीत सफाईसाठी माणूस उतरवला जाणार नाही. सफाई यंत्राने होईल, तिचा खर्च संस्था देईल, आणि काम चालू असताना कार्यकारी मंडळाचा एक सभासद तेथे हजर राहील."

शेवटचे वाक्य आम्ही विचारपूर्वक घातले आहे. झाकण उघडल्यावर जो वास येतो तो एकदा तरी मंडळाने घ्यावा. मग ठरावावर फार वेळ चर्चा होणार नाही.